पुणे–ताम्हिणी–श्रीवर्धन : चार नवे टायर आणि जुनीच घूंघूं

श्रीवर्धनला निघण्याच्या आदल्या दिवशी मी गाडीला चार नवे टायर बसवून घेतले आणि त्यांपैकी एकाचीही गरज नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी माणगावात कळले. पावसाळ्यानंतर याच रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कुणाच्या गाडीतून बारीक घूंघूं ऐकू येत असेल, तर हा वृत्तांत त्यांच्यासाठी आहे. जॅक लावणे, स्टेपनी बदलणे एवढे येते, असे मी गृहीत धरतो. येत नसेल, तर ताम्हिणीत शिरूच नये.

गाडी सात वर्षे जुनी, ६८,००० किलोमीटर चाललेली. आवाज पन्नासच्या पुढे सुरू होई आणि वेगाबरोबर त्याचा सूर चढत जाई. पुण्यातील एका टायरच्या दुकानात अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे १,४०० रुपये घेतले गेले. आवाज तसाच राहिला, तेव्हा 'टायर कट झालेत (म्हणजे असमान झिजलेत), घाटात रिस्क घेऊ नका' असे सांगून आणखी २२,४०० रुपये घेतले गेले. घाट हा शब्द ऐकून मी घाबरलो, हे कबूल करतो. वास्तविक जुन्या टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवला असता, तर करवतीच्या दात्यांसारखा खरखरीतपणा कुठेही लागला नसता. आवाज करणारे असमान झिजलेले टायर हाताला लगेच कळतात.

सकाळी सहाला चांदणी चौक सोडला आणि पिरंगुटच्या अलीकडेच घूंघूं पुन्हा हजर झाली. पौडनंतरच्या एका सरळ, सपाट, रिकाम्या पट्ट्यावर मी साठच्या वेगात गाडी न्यूट्रल केली. इंजिनाचे फेरे एकदम उतरले, आवाज मात्र तसूभरही बदलला नाही. म्हणजे दोष इंजिनात किंवा क्लचमध्ये नसून चाकांबरोबर फिरणाऱ्या कशात तरी होता. (ही चाचणी उतारावर करू नये; घाटात न्यूट्रल म्हणजे आत्मघात.) शिवाय टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर जाताच बदलतो, माझा आवाज दोन्हीकडे एकाच सुरात चालला होता. ही दोन्ही निरीक्षणे मी आदल्या दिवशी शहरातच फुकट करू शकलो असतो.

मुळशी जलाशयाच्या कडेचा रस्ता बहुधा सुंदर असावा. मी तो पाहिला नाही, ऐकला. खरी परीक्षा डोंगरवाडीनंतर विळ्यापर्यंतच्या उतारात झाली. दुसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली करून उतरताना कापलेल्या कड्यावर आपटून परत येणारा आवाज दुप्पट वाटत होता, आणि आता तो चाळिशीतच सुरू होत होता. मोबाइलला रेंज नव्हती. पत्नी दर वळणाला 'आता कमी झाला, आता वाढला' असे सांगत होती आणि मी वैतागत होतो. पण निदान झाले ते तिच्या त्या बोलण्यातूनच. उजव्या वळणावर आवाज वाढत होता, डाव्या वळणावर जवळजवळ विरत होता. उजवीकडे वळताना गाडीचे वजन डाव्या चाकांवर जाते, म्हणून संशय डाव्या बाजूच्या व्हील बेअरिंगवर, म्हणजे चाक ज्या पोलादी गोळ्यांच्या कड्यावर फिरते त्यावर. माझ्या कानाला मात्र तो आवाज शपथेवर उजवीकडून येत होता. पत्र्यातून फिरणाऱ्या आवाजाच्या दिशेवर विश्वास ठेवू नये.

माणगावातल्या मिस्त्रींनी नवे टायर पाहिले आणि हसले. "साहेब, टायर काय करणार बिचारे? बेअरिंग बोंबलतंय." त्यांनी पुढची चाके उचलली, डावे चाक वर-खाली धरून हलवले, तर किंचित प्ले, म्हणजे सैलपणा, होता. मग मला चाकामागच्या स्प्रिंगवर तळहात ठेवायला लावून त्यांनी चाक हाताने फिरवले. चालू गिरणीच्या भिंतीला हात लावावा, तशी बारीक थरथर बोटांत आली. उजव्या स्प्रिंगला काहीही नव्हते. पुण्यात कुणी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी केली नाही, याचा राग मला अजूनही आहे. जुलैत साचलेल्या पाण्यातून दोनदा गाडी काढली होती. सील ओलांडून पाणी शिरले, ग्रीस गेले, गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडले. साठच्या वेगात चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते, तेव्हा त्या खड्ड्यांचीच घूंघूं होते.

बेअरिंग १,८५०, प्रेस (दाबून बसवणारे मशीन) आणि मजुरी ९००, वेळ चार तास. काम चालू असताना तिथेच उभे राहावे. बेअरिंग प्रेस मशीनवरच बसवून घ्यावे, हातोड्याने ठोकलेले फार टिकत नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत बेअरिंगची चुंबकीय बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच यावी लागते. हबचा (चाक ज्यावर बसते त्या भागाचा) नट नवा घ्यावा आणि टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून कसणाऱ्या पान्याने, कसावा. प्ले सापडल्यावर 'परत जाताना पाहू' म्हणून पुढे जाणे हा मूर्खपणा आहे. आवाज नुसताच असेल, तर हळू चालवत जवळचे गॅरेज गाठता येते.

श्रीवर्धनचे दोन दिवस छान गेले. परतीचा घाट मी काचा बंद करून, गाणी लावून चढलो.

पुण्यात टायरवाल्याकडे गेलो, तेव्हा 'बेअरिंग आमच्याकडे बघत नाहीत' एवढेच उत्तर मिळाले, आणि माझे जुने टायर तोवर विकले गेले होते. जुने टायर गाडीत टाकून घरी आणावेत, हे तेव्हा सुचले. नाना पेठेत त्याच कंपनीच्या बेअरिंगचा भाव विचारला, तर माणगावपेक्षा शंभर रुपये कमी होता. दुकानदार जोडीने दोन्ही बदला म्हणत होता. मी नाही म्हटले. उजव्या स्प्रिंगवर हात ठेवून पाहिला आहे.