युंगफ्राउयोख राहू द्या, विंटरएगला उतरा

भारतातून स्वित्झर्लंडला जाणारी बरीच कुटुंबं मे महिना निवडतात, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच असते. अडचण एवढीच की आल्प्सचा उन्हाळा तोवर पुरता उगवलेला नसतो. लाउटरब्रुनेनच्या दरीत, सुमारे ८०० मीटरवर, कुरणं हिरवीगार असतात आणि वितळत्या बर्फामुळे धबधबे जोरात असतात. पण २००० मीटरच्या आसपासच्या वाटांवर बर्फ असू शकतो आणि काही रोपवे अजून सुरूच झालेले नसतात. वरच्या वाटांसाठी खरा काळ जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. मेमध्ये जाणाऱ्यांनी दरीच्या वरच्या म्युरेन गावाच्या उंचीपर्यंतचाच (सुमारे १६४० मीटर) बेत आखावा, आणि तिकीट काढण्याआधी त्या त्या रोपवेची तारीख तपासावी.

दोन ते सात वर्षांच्या मुलांना या दरीत सगळ्यात जास्त मजा १५०० ते २२०० मीटरच्या पट्ट्यात येते. तिथे गाईंच्या घंटा असतात, झरे असतात, खेळायला मैदानं असतात. युंगफ्राउयोख, म्हणजे पर्यटकांचं ते प्रसिद्ध बर्फातलं रेल्वे स्टेशन, ३४५४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. डोकं दुखतंय हे तीन वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही, ते नुसतं रडतं. तान्ह्या बाळाला तर नेऊच नये. एवढा खर्च करून मूल मांडीवर झोपलेलं असतं, ते वेगळंच.

पहिल्या दिवसासाठी म्युरेन ते ग्रुचआल्प ही वाट घ्यावी. लाउटरब्रुनेन स्टेशनसमोरून रोपवे ग्रुचआल्पला (१४८६ मीटर) नेतो. जवळजवळ ७०० मीटरची चढण चार-पाच मिनिटांत होते, म्हणून मुलांचे कान दडपतात. बाळाला त्या वेळी दूध किंवा पाणी पाजत राहावं, मोठ्या मुलांना गोळी चघळायला द्यावी. वर छोटी रेल्वे लागते, ती म्युरेनला (सुमारे १६४० मीटर) सोडते. बरेच लोक ग्रुचआल्पहून चालायला लागतात. मुलं बरोबर असतील तर उलट करावं: आधी रेल्वेने म्युरेन, मग उतरत उतरत परत. अंतर साडेचार किलोमीटरच्या आसपास, समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरं. मोठ्या चाकांची बाबागाडी इथे चालते. विमानात नेतात ती छोट्या चाकांची गाडी खडीत अडकते.

या वाटेची खुबी म्हणजे ती रुळांच्या बाजूने जाते आणि मध्ये विंटरएगचं स्टेशन आहे. तिथे उपाहारगृह आहे, खेळायची जागा आहे. मूल दमलं, पाऊस आला, कुणाला शी लागली, तर पुढची गाडी पकडून मोकळं व्हायचं. लहान मुलांची वाट निवडताना ‘मध्येच सोडून देता येईल का?’ हा प्रश्न निसर्गसौंदर्याच्याही आधी विचारावा.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेली वेळ मोठ्यांच्या चालीची असते आणि त्यात थांबणं धरलेलं नसतं. चार-पाच वर्षांच्या मुलाबरोबर ती दुप्पट धरावी. दगड गोळा करणारं मूल असेल तर अडीचपट. पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरी-लाल-पांढरी खूण दिसली की डोंगरवाट सुरू झाली: पाय घसरू शकतो, बाबागाडी विसरा.

दुसरा पर्याय मेनलिखेन. वेंगेन गावाहून रोपवेने वर (सुमारे २२३० मीटर) गेलं की गाईच्या आकाराचं भलंमोठं खेळणं आहे, तिच्या पोटात मुलं शिरतात. तिथून क्लाइने शायडेग या रेल्वे स्टेशनपर्यंतची वाटही साडेचार किलोमीटरचीच आणि हलक्या उताराची. पण मध्ये गाडी नाही. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पाठीवरचं कॅरियर हवंच. नाहीतर खेळून त्याच रोपवेने परतावं, काही बिघडत नाही.

दर हजार मीटरला तापमान सहा-सात अंशांनी उतरतं. खाली टी-शर्टमध्ये घाम, वर स्वेटर. कॅरियरमध्ये बसलेलं मूल चालत नसतं, त्यामुळे तुम्हाला उकडत असताना ते गारठलेलं असू शकतं. पायाचे तळवे चाचपून बघावेत. ऊन मात्र वर जास्त चटकतं, ढग असले तरी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वीज-पावसाचा धोका असतो, म्हणून आठ-साडेआठची गाडी पकडून दोनपर्यंत स्टेशनजवळ यावं. निघण्याआधी वरचा वेबकॅम बघावा. खाली लख्ख ऊन आणि वर दाट धुकं, किंवा याच्या अगदी उलट, दोन्ही होतं.

गाई वाटेवरच उभ्या असतात. वासरू असेल तर लांबून वळसा घालावा, हात लावायला मुलांना सोडू नये. कुरणाच्या तारेत वीज असते, हे मुलांना आधीच सांगावं. डबा घरचा न्यावा: दशम्या आणि कोरडी चटणी दिवसभर टिकतात. पाण्याची एक बाटली पुरते, गावातल्या हौदाच्या धारेचं पाणी पिता येतं; फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर ते पिऊ नये.

सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. सहा ते पंधरा वर्षांच्यांसाठी, आईबाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांचा रेल्वे-बसचा पास) असेल तर, फॅमिली कार्ड मोफत मिळतं; त्यावर मुलं आईबाबांबरोबर फुकट फिरतात. ते पासबरोबरच मागून घ्यावं. पास वेंगेन आणि म्युरेनपर्यंत पूर्ण चालतो, त्याच्या वर फक्त सवलत.

पाऊस लागलाच तर दरीच्या तळाशी राहावं. गावालगतचा सुमारे ३०० मीटरचा स्टाउबबाख धबधबा छत्री घेऊनही बघता येतो. ट्रुमेलबाखचे धबधबे डोंगराच्या पोटात आहेत, तिथे तसंही भिजायचंच असतं. मात्र चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत आणि पायऱ्या ओल्या असतात. धाकटं तीन वर्षांचं असेल तर आईबाबांनी आळीपाळीने जावं, नाहीतर दारातून परत फिरावं लागतं.