तुम्ही विचारलंत म्हणून : कायदा मुंबईत होतो, मग तुम्ही कोल्हापुरातून काय करता?

नगररचनाकाराच्या कामात एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. बिल्डर विचारतात, वकील मित्र विचारतात, या व्यवसायात नव्यानं आलेली मुलं-मुली तर हमखास विचारतात. "कायदा मुंबईत होतो, नियम मंत्रालयात लिहिले जातात. मग तुम्ही इथं बसून विधेयकं कशाला वाचताय, आमदारांना टिपणं कशाला देताय, हरकती कशाला नोंदवताय? आपले नकाशे करा की."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी कागदावर पहिली रेघ ओढण्याआधीच त्या नकाशाचं बरंचसं ठरलेलं असतं, आणि ते राज्याच्या कायद्यानं ठरवलेलं असतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. शहराची विकास योजना महापालिका तयार करते, पण तिला अंतिम मंजुरी राज्य सरकार देतं. कुठल्या रस्त्यावर किती मजले, किती एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम), किती मोकळी जागा हे सांगणारी एकत्रिकृत नियमावली, म्हणजे आपण सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतो ती, डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळ्या राज्याला एकच नियमावली. 74 व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत 18 विषय लिहिले. त्यात पहिला नगर नियोजन आणि दुसरा जमीन वापराचं नियमन. पण हे विषय महापालिकांकडे किती सोपवायचे, हे राज्याच्या हातात राहिलं. त्यात कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासकच होते. म्हणजे नवी नियमावली आली त्याच सुमाराला तिच्यावर बोलणारे नगरसेवकही उरले नव्हते. अशा वेळी ज्याला नियम वाचता येतो त्यानं बोलायला हवं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुराचंच घ्या. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा बांधकामाला मज्जाव असलेला पट्टा. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधकाम करता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर. कागदावर हे समंजस दिसतं. इमारत पाण्याच्या वर राहील, माणसं सुखरूप राहतील.

आता हाच नियम पंचगंगेकाठी आणून बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन नदी शहराशी येते आणि पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरलेली असली की आपलं पाणी पुढं सरकत नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्यापारी पेठ, नागाळा पार्क, बापट कॅम्प, सुतारवाडा या भागांतल्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही. इथलं पाणी तासाभरात येऊन जात नाही, ते दिवसेंदिवस मुक्काम करतं. 0.45 मीटर वरच्या जोत्यावर बसलेलं कुटुंब कोरडं राहील, पण त्याच्या दारातला रस्ता पाण्याखाली असतो. घरात आजारी माणूस असला तर त्याला बाहेर कसं काढायचं? शिवाय उंची भराव टाकून गाठली, तर त्या भरावानं अडवलेली जागा पाणी सोडून देत नाही, ते शेजारच्या जुन्या बैठ्या घरात शिरतं. एका प्लॉटचा भराव किरकोळ वाटतो. अख्खा पट्टा भरला की पुराची पातळीच बदलते, आणि मग जुन्या पातळीवरून आखलेल्या रेषेला काय अर्थ राहतो?

म्हणून आमची मागणी साधी आहे. पूरपट्ट्यातली उंची खांबांवर गाठावी, खालचा भाग पाण्याला मोकळा ठेवावा, भरावाला परवानगी नको. पुरातही वापरता येईल असा एक तरी रस्ता असल्याशिवाय मोठ्या गृहप्रकल्पाला मंजुरी नको. आणि एकेका प्लॉटचा हिशेब करण्याऐवजी सगळ्या पट्ट्यात पाण्याला किती जागा उरली याचा हिशेब ठेवावा. यातलं काहीही महापालिका एकटी आपल्या मर्जीनं करू शकत नाही. नियमात यायला हवं, आणि नियम राज्याचा.

बोलायची वेळ कोणती, हेही समजून घ्यायला हवं. अधिनियमाच्या कलम 37 (1एए) खाली सरकार नियमावलीत फेरबदल सुचवतं, राजपत्रात सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो. विभागीय नगररचना सहसंचालक सुनावणी घेतात. पण त्याच वेळी कलम 154 खाली निर्देश देऊन तो फेरबदल लगेच लागूही करता येतो, आणि तसं अनेकदा होतं. म्हणजे तुमची सुनावणी व्हायच्या आधीच त्या नियमाखाली परवानग्या निघायला लागतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. खरोखर तातडी असेल तिथं 154 वापरावं. एफएसआय वाढवायला तातडी कसली?

गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटची, गोष्ट वेगळी, पण दुखणं तेच. 2001 च्या कायद्यानं 1 जानेवारी 2001 पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची ठरली. 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर गेली. स्टँपपेपरवर एक-दोन गुंठे घेऊन घर बांधलेल्या कष्टकरी माणसाला हक्काचा कागद मिळालाच पाहिजे, त्यावर माझं दुमत नाही. पण तारीख सरकली की उपनगरातला प्लॉट पाडणारा माणूस नवं गिऱ्हाईक पकडून सांगतो, "घ्या हो, पुढं होतंय नियमित." म्हणून तारखेबरोबर रस्ता, गटार आणि नाल्याची जागा सोडण्याची अट कायद्यातच घट्ट असावी, असं मी प्रत्येक टिपणात लिहितो.

"पण तुम्ही कोणाच्या बाजूचे?" हे पुढचं विचारणं असतं. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना जास्त एफएसआय हवा असतो, हे उघड आहे. त्यांचं काम मी नियमात बसवून चोख करतो. नियम कसा असावा हे सांगताना मात्र मी शहराचा माणूस असतो, आणि गिऱ्हाइकाला हे पहिल्याच भेटीत सांगतो. काही जण दुसरीकडे जातात. जाऊ देत.

खरं तर कोल्हापूरला राज्याकडून गोष्टी मिळवता येत नाहीत असं नाही. टोलविरोधात सगळं शहर, तालमी-मंडळांसह, रस्त्यावर उतरलं आणि डिसेंबर 2015 मध्ये टोल हटला. वकिलांनी आणि नागरिकांनी कित्येक वर्षं लावून धरलं, तेव्हा 18 ऑगस्ट 2025 ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. एवढ्या चिकाटीचं शहर नियमावलीतल्या फेरबदलाची सूचना निघते तेव्हा गप्प असतं, कारण ती सूचना रुक्ष असते आणि तिचा परिणाम दिसायला दहा वर्षं लागतात. ती रुक्ष सूचना सोप्या मराठीत सांगणं हे आमचं काम आहे. आमदारांना दहा पानी निवेदन देऊन उपयोग नाही. एक पान, त्यात कलम, सध्याचा मजकूर, आम्हाला हवा तो मजकूर आणि आपल्या मतदारसंघातलं एक ठिकाण. अधिवेशनाच्या आधी ते पोचलं तर प्रश्न विचारला जातो. विधेयक मांडल्यावर पोचलं तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

हे सगळं करून नियम बदलतो का? प्रत्येक वेळी नाही. पण हरकत नोंदवली की ती फाइलीत राहते, आणि पुढं कोणी कोर्टात गेलं तर सरकारला ती माहीत नव्हती असं म्हणता येत नाही. पुढची सूचना निघाली की मी ती सोपी करून वाटेन. ज्यांच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण अजून आहे त्यांनी तिची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजावी, फोटो काढावा, सिटी सर्व्हे नंबर लिहावा आणि महिन्याच्या आत सहसंचालकांच्या नावे पाठवावं. पोच घ्यायला विसरू नका.