कचरो आयला

दुपारचे दोन वाजलेले. शीत-हुमण जेवून गोव्यातला वाडा लवंडलेला असतो आणि नेमकी तेव्हाच कुठल्यातरी अंगणातून किक ऐकू येते. खच्च. खच्च. चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला आणि जूनमध्ये ताडपत्रीखाली गेलेली जुनी गाडी बाहेर निघाली, हे भिंतीपलीकडूनही कळतं. आठव्या किकेला ती पेटते, भुरभुरते आणि चोक काढला की मरते. मग गॅरेजवाला येतो, कार्बोरेटरच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोनदा ठोकतो आणि निदान सांगतो, ‘कचरो आयला.’

‘आयला’ म्हणे. जणू पाहुणाच! खापर बहुधा पेट्रोल पंपावर फुटतं. पण जुन्या गाडीतला कचरा बराचसा घरच्या घरीच जन्मतो. अर्ध्या टाकीत पेट्रोल, उरलेल्या अर्धीत हवा, आणि आपल्याकडची पावसाळ्यातली हवा म्हणजे निम्मं पाणीच. दिवसा टाकी तापते, रात्री निवते, झाकणाच्या बारीक भोकातून श्वास घेते. आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि ओघळून तळाला जातं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तिथेच ठाण मांडतं. चार महिने. गंज याहून वेगळं काय मागतो?

मोटरसायकलची टाकी चेसिसच्या नळीवर खोगिरासारखी बसते, म्हणजे खाली तिचे दोन कप्पे. पेट्रोल सोडणारा कॉक बहुधा एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचं तळाचं पेट्रोल रिझर्व्हलाही सापडत नाही. पेट्रोल संपलं की वडीलधाऱ्यांनी भर रस्त्यात गाडी आडवी करायची, मागे बसलेल्या पोराने उतरून पिशवी सांभाळायची, आतून डुबुक आवाज यायचा आणि गाडी घरापर्यंत पोचायची. हे दृश्य पाहिलं नाही असं आपल्या पिढीत कोण आहे? त्या डुबुकबरोबर पलीकडच्या कप्प्यातलं वर्षानुवर्षांचं पाणी आणि गंजाची पूडही कॉककडे यायची, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी बंद. कचरो आयला.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं. अल्कोहोल आणि पाण्याची दोस्ती फेणीच्या मुलखात कुणाला समजावायला नको. इथेनॉल आधी थोडं पाणी पोटात घेतं, आणि मर्यादा संपली की पाण्यासकट स्वतःही तळाला जाऊन बसतं. पडताळा घ्यायचा तर मापाच्या काचेच्या नळकांड्यात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी हलवून ठेवा. थर वेगळे झाले की खालचा २० चा ३५ मिलीच्या आसपास झालेला दिसेल. वाढलेलं सगळं अल्कोहोल. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, झडतात. हाही कचरा घरचाच.

म्हणून नुसता कार्बोरेटर धुणं म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवणं. मे महिन्यात वर चढून कौलं चाळावी लागतात, तशी आधी टाकी उतरवून आतला गंज आम्लाने काढावा लागतो. कॉक काढून ठेवायचा, कारण त्याचा जस्ताचा धातू आम्लात झिजतो. भोक रबरी बुचाने बंद करायचं. आधी साबणाचं पाणी, कारण तेलकट थर राहिला तर आम्ल पत्र्याला लागतच नाही. मग दर लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड), म्हणजे दहा लिटरच्या टाकीला अर्धा किलो. टाकी काठोकाठ भरायची, झाकण सैल ठेवायचं, कारण आत हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. विडी लांब. बिंबलांनी किंवा चिंचेने पितळ घासणाऱ्या घराला ही युक्ती नवी नाही, फक्त टाकीभर बिंबलं कोण पिळणार? दर काही तासांनी टॉर्चने आत बघायचं आणि एका दिवसाच्या वर ठेवायचं नाही. गंज संपला की आम्ल पत्रा खायला लागतं.

पापुद्रे हट्टी असतील तर जुन्या चेनचा तुकडा तारेला बांधून आत खुळखुळवायचा. तार हवीच, नाहीतर चेन आत आणि आपण बाहेर. सुटे नट टाकले तर मोजून टाकायचे आणि मोजून काढायचे. जांभ्याचे खडे तर मुळीच नकोत, त्यांचीच लाल पूड होते.

खरी परीक्षा त्यानंतरची. लिटरला चमचाभर खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच वाळवण. आपल्या हवेत उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. म्हणून हे काम पावसात नाहीच, कोरडं ऊन बघून करायचं. गरम हवेने पूर्ण सुकलं की शंभर मिली टू-स्ट्रोक ऑइल थोड्या पेट्रोलमध्ये घालून सगळ्या कोपऱ्यांत फिरवायचं. आतून रंगासारखा लेप देण्याची फॅशन आहे. टाकीला बारीक भोकं नसतील तर तो टाळलेला बरा. गंजावर बसलेला लेप सुटला की त्याचे पापुद्रे थेट कॉकच्या जाळीवर.

कार्बोरेटरचं काम त्यामानाने टेबलावरचं. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत फिरवून आटे मोजायचे आणि भिंतीवर खडूने लिहायचे. दीड, पावणेदोन, जे असेल ते. फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची, पिन हळू काढायची, पिन धरणारे कान मोडले तर अख्खा कार्बोरेटर गेला. पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट निडलच्या टोकाला कडं उमटलं असेल तर ती बदलायची, नाहीतर पेट्रोल वाहत राहतं. बुडाचा गॅस्केट फुगून बसत नसेल तर रात्रभर उघड्यावर ठेवायचा, बहुधा आटून मापात येतो.

उरतो पायलट जेट, गाडी स्लोवर असताना पेट्रोल सोडणारा. गोव्यात पायलट म्हटलं की काळ्या-पिवळ्या मोटरसायकल टॅक्सीवरचा माणूस आठवतो. कार्बोरेटरातला पायलट सगळ्यात अरुंद भोकाचा. अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. पेट्रोल उडून गेलं की मागे राहिलेला डिंक पहिला त्याचाच गळा धरतो, म्हणून गाडी चोकवर चालते आणि स्लोवर मरते. जुन्या येझदीत तर ऑइल बहुधा पेट्रोलमध्येच कालवलेलं, मागे उरतो तो काकवीसारखा चिकटा. आरएक्स १०० या बाबतीत शहाणी, तिचं ऑइल वेगळ्या पंपाने जातं. जेटमध्ये पोलादी तार घालू नये, पितळ ओरबाडलं की भोकाचं माप गेलं. वायरीतली तांब्याची एक काडी किंवा बारीक तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, पुरे. मग पंक्चरवाल्याकडची हवा मारून जेट सूर्याकडे धरायचा. भोक वाटोळं दिसलं पाहिजे, चंद्रकोर नव्हे. दिवसभर स्टॅंडवर असणाऱ्या पायलटांच्या गाड्यांना हा रोग सहसा होत नाही. त्यांच्या टाकीत पेट्रोलला मुरायला सवडच नसते.

गाडी सुरू होते. राहतं ते टाकीतून काढलेलं पेट्रोल, चहाच्या रंगाचं, तीनेक लिटर. सवय अशी की ते कुंपणाच्या कडेला ओतायचं. जांभा एका घोटात पिऊन टाकतो, मागे डागही दिसत नाही. कुंपणापासून विहीर किती हात, हे ओतताना कुणी मोजत नाही. एकदा मोजलं की ओतवत नाही. मग कॅन पडवीच्या कोपऱ्यात पडून राहतो, झाकण आवळलेला, वर मोठ्या अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहिलेलं. पुढच्या चतुर्थीलाही तिथेच असतो.