भट्टीतून निघालेली चार चाकं

भोसरीच्या आमच्या शॉपमध्ये पावडर कोटिंगचं जॉबवर्क चालतं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या धातूच्या वस्तूवर (जॉबवर) विद्युतभारित रंगाची पावडर चिकटवून ती भट्टीत पक्की करायची. जॉब ज्या हुकांवर टांगतात, त्यांवर रोज पावडरचा थर चढतो. तो जाड झाला की हुकातून जॉबला अर्थिंग मिळत नाही, पावडर जॉबला धरत नाही. म्हणून शनिवारी रात्री सगळे हूक बर्न-ऑफ भट्टीत जातात. तापमान ४२० अंश, आत ऑक्सिजन अगदी कमी. थर पेटत नाही, उष्णतेने फुटून त्याचा वायू होतो आणि तो आफ्टरबर्नरमध्ये ८०० अंशांच्या पुढे जळतो. उरते फक्त राख. प्रेशरने धुतली की हूक कोरा.

त्या रविवारी दार उघडलं तर हुकांमागे चार अलॉय व्हील, गाडीची अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची चाकं! ती केमिकलच्या टाकीत जायची होती. रात्रपाळीच्या पोराने जॉबकार्डावर 'स्ट्रिपिंग' (जुना रंग काढणे) एवढंच वाचलं होतं. राख झटकल्यावर खालचा धातू इतका स्वच्छ निघाला की तो खूश. "दादा, टाकीत दोन दिवस गेले असते."

माझ्या पोटात गोळा आला. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, चाकांचा मिश्रधातू थोडा आधी, पण ४२० ला नाही; त्यामुळे आकार जसाच्या तसा होता. खरी भीती तीच. या चाकांना ताकद येते ती टी-सिक्स हीट ट्रीटमेंटने (तापवून पाण्यात बुडवणं आणि मग पुन्हा मंद तापवणं), आणि तिचं ते शेवटचं मंद तापवणं, एजिंग, दोनशे अंशांच्याही खाली होतं. चारशेच्या वर काही तास ठेवलं की ती ताकद गेली, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

शेजारच्या टूलरूममधून हार्डनेस टेस्टर आणला. कोटिंगला आलेल्या तशाच दुसऱ्या चाकावर ८२ ब्रिनेल (कठीणपणाचं माप). भट्टीतून निघालेल्या चाकांवर ५२, ४९, ५१. चौथं मोजलंच नाही.

मालक म्हणाले, "पुन्हा हीट ट्रीटमेंट करून घेऊ." मी नाही म्हटलं. साडेपाचशेच्या आसपास तापवून पाण्यात बुडवलेलं तयार चाक वाकडं होण्याची भीती, आणि त्यावर माणसं बसलेली गाडी धावणार! ते काही वेळ गप्प बसले, मग स्वतःच गिऱ्हाइकाला फोन लावला. नवा सेट आम्ही भरून दिला.

चाकं भंगारात तशीच दिली असती तर कुणीतरी रंगवून विकली असती. म्हणून प्रत्येक रिम मी स्वतः ग्राइंडरने दोन ठिकाणी आरपार कापली.

आता भट्टीच्या दाराला लोहचुंबक टांगलेलं आहे. ज्याला ते चिकटत नाही, तो जॉब मला विचारल्याशिवाय आत जात नाही. झिंक डायकास्टची, म्हणजे साच्यात ओतलेल्या जस्ताची हँडलं तर आत वितळूनच जातील. पहिल्याच महिन्यात त्या पोराने अशी एक पेटी बाहेर काढून माझ्यासमोर ठेवली.