तुम्ही विचारलंत म्हणून: हे जुने चाकू खिशात कशाला?

"एका हाताने उघडणारे, गंज न लागणारे चाकू मिळतात की आता, मग हे जुने कशाला जमवता, आणि जमवता ते जमवता, खिशात कशाला घेऊन फिरता?" हे इतके जण विचारतात की म्हटलं लिहूनच टाकूया.

तर मुख्य कारण, जुना चाकू वाचता येतो. पातं उघडलं की मुठीजवळ बनवणाऱ्याचा ठसा दिसतो, त्याला टँग स्टॅम्प म्हणतात, आणि चाकू हातात आला की मी भिंग काढून आधी तोच बघतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या जोसेफ रॉजर्स कंपनीच्या चाकूवर चांदणी आणि माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंद होणारा क्रूस) असतो. सोबत 'इंग्लंड' असेल तर बहुतेक १८९१ नंतरचा, कारण १८९० च्या मॅककिन्ली टॅरिफ कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. केस (Case) या अमेरिकन चाकू कंपनीचं अजून भारी, १९७० ला ठशाखाली दहा टिंबं द्यायला लागले आणि मग दरवर्षी एक कमी, म्हणजे त्या दशकातल्या चाकूवर सात टिंबं दिसली की १९७३. (१९८० ला परत दहा, पण तेव्हा ठशातल्या Case नावातलं एस अक्षर विजेच्या आकाराचं केलं, त्यामुळे वेगळं ओळखू येतं.)

ठसा बनवणाऱ्याचं सांगतो, वापरणाऱ्याचं पातं सांगतं. माझ्याकडे एक तीन पात्यांचा, स्टॉकमन नावाच्या प्रकारातला चाकू आहे, त्याचं मोठं टोकदार क्लिप पातं धार लावून लावून निम्मं उरलंय आणि जनावरं खच्ची करायला असायचं ते स्पे पातं जवळजवळ कोरं, म्हणजे ज्याचा होता त्याने बहुतेक गुरं राखली नसणार, नुसतं कापाकापीचं काम केलं असणार. असा चाकू कुणी बफिंग मशीनवर चकचकीत करून विकायला ठेवला की मला खरंच राग येतो, ठशाच्या कडा गेल्या, जुना रंग गेला, सगळं वाचायचं तेच पुसलं.

आता खिशाचं. अशा जुन्या चाकूला बहुतेक लॉक नसतं, नुसती पाठीची स्प्रिंग पातं धरून ठेवते, जोर दिला तर ते बोटांवर मिटू शकतं, त्यामुळे टोक दाबून खुपसायचं काम याचं नाहीच, दोरी, पार्सल, पेन्सिल, सफरचंद एवढं मात्र झकास. सफरचंद कापलं की कार्बन स्टीलवर निळसर करडी झाक चढते आणि तीच पुढे लाल गंजाला बऱ्यापैकी अडवते. खिशातला चाकू रोज उघडतो, पुसला जातो, सांध्यात तेलाचा थेंब पडतो. ड्रॉवरमध्ये विसरलेला आतून गंजतो, आणि चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवलेला तर अजून लवकर, कारण चामडं ओल धरतं.

अगदी कोरे, कधी धार न लावलेले मी फिरवत नाही, त्यांची पहिली धार घालवायचं माझ्याच्याने होत नाही. सेल्युलॉइडच्या मुठीचेही नाही. ते प्लास्टिक जुनं झालं की कधीकधी कुजायला लागतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचे चांगले चाकूसुद्धा गंजतात, म्हणून ते बाकीच्यांपासून लांब, हवा खेळेल अशा जागी ठेवलेत आणि मूठ चिरली का, पात्यावर अचानक गंज आला का हे अधूनमधून बघतो.