तो जिना कोणाचा?

शाळेने आमच्या हातात नऊ मुलांची यादी ठेवली. सगळी आठवीतली. नावांपुढे शेरे होते: 'सतत उशिरा', 'लक्ष नाही', 'उलट बोलतो'. या नऊ जणांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवून समुपदेशन करावं, अशी मुख्याध्यापिकांची अपेक्षा होती. त्यामागची कळकळ खरी होती, पण अशा गटात धोका असतो. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या किशोरवयीन मुलांना एकत्र आणलं की ती एकमेकांच्या बेफिकिरीला हसून दाद देतात आणि काही वेळा वागणं आणखी बिघडतं, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलं. शिवाय कोणाला कुठल्या खोलीत बोलावतात, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला कळलेलं असतं. म्हणून आम्ही एक दिवस मागून घेतला. मुलांआधी शाळा बघायची होती.

साधन म्हणजे शाळेचा नकाशा. शाळांमधल्या हिंसेचे अभ्यासक रॉन ॲस्टर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही नकाशावर मारामारीच्या जागा आणि वेळा दाखवायला सांगितल्या होत्या. बहुतेक घटना अशा ठिकाणी घडत होत्या, जिथली जबाबदारी त्या वेळी कोणाचीच नव्हती. तोही अभ्यास १९९९ चाच.

प्रत्येक मजल्यासाठी ए-३ आकाराचा वेगळा कागद घेतला. त्यावर वर्ग, जिने, स्वच्छतागृहं, पाण्याचे नळ, फाटक. पालकांची संमती आठवडाभर आधी घेतली होती. मुलांची त्या दिवशी वेगळी विचारली आणि मधेच उठून जायची मुभा आहे, हे पहिल्याच मिनिटाला सांगितलं. एक गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही, हेही तेव्हाच सांगावं लागतं: कोणाच्या जिवाला धोका असेल, तर मोठ्यांना कळवावंच लागेल. हे मुलांनी बोलून टाकल्यावर सांगितलं, तर तो विश्वासघात होतो.

यादीतल्या नव्हे, तर संपूर्ण इयत्तेतल्या मुलांचे सहा-सहा जणांचे गट केले, मुली-मुलगे वेगळे. शिक्षक खोलीबाहेर. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने आपापल्या कागदावर, न बोलता काम करायचं. जिथे जायला नको वाटतं तिथे लाल ठिपका, जिथे बरं वाटतं तिथे हिरवा आणि शेजारी वेळ. कोणाचंही नाव लिहायचं नाही. गटाला एकच कागद दिला की दोन बोलकी मुलं तो भरून टाकतात आणि बाकीची माना डोलावतात. वेळ विचारली नाही, तर 'स्वच्छतागृह वाईट आहे' एवढंच हाती लागतं आणि त्यावर काही करता येत नाही. नंतरच्या चर्चेत 'तुझ्या बाबतीत काय झालं' असं विचारायचं नाही. 'तुमच्या वयाच्या मुलांना इथे काय त्रास होऊ शकतो' असं विचारलं की मुलं मोकळी होतात.

एका कागदावर एकही लाल ठिपका नव्हता. होती फक्त पेन्सिलची एक रेघ. मैदानावरून निघून ती समोरचा जिना सोडून देत होती, तळमजल्याची ओसरी ओलांडून प्रयोगशाळेमागच्या जिन्याने वर चढत होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत उलट्या दिशेने येत होती. शेवटी बारीक अक्षरात '५ मि.' असं लिहिलेलं. रेघ कोणाची, हे आम्ही विचारलं नाही. चर्चेत मात्र एक जण म्हणाला, "ताई, तिकडून गेलं की उशीर होतो, पण कोणी अडवत नाही."

दुपारी सगळे ठिपके एका कोऱ्या नकाशावर उतरवून घेतले. मूळ कागद शिक्षकांना दाखवत नाही, कारण त्यांना अक्षर ओळखू येतं. शिक्षकांनी भरलेल्या नकाशावर लाल ठिपके मैदानात आणि फाटकाशी होते. मुलांचे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर दाटले होते आणि वेळ जवळपास सगळ्यांची एकच: मधली सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर. वरच्या इयत्तेतली मुलं तिथे घोळका करून उभी राहायची. दप्तर ओढणं, पाय आडवा घालणं, टोपणनावाने हाका मारणं. एकेक प्रकार इतका किरकोळ की तक्रार करायलाही लाज वाटावी, पण तो रोजचा होता.

मग उशिराच्या नोंदी मागवल्या. नावांशिवाय, फक्त तासांप्रमाणे. सकाळच्या तासांना फारसा उशीर नव्हताच. सगळी गर्दी सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला. सभेत मी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले आणि विचारलं, "या वेळी हा जिना कोणाचा?" थोड्या वेळाने एक सर म्हणाले, "घंटा झाली की आमची ड्युटी संपते. आम्ही पुस्तकं घ्यायला जातो." त्यांचं काही चुकत नव्हतं. तक्त्यात तसंच लिहिलेलं होतं.

ड्युटी घंटेनंतर दहा मिनिटांपर्यंत वाढवली, ती जिन्याच्या वळणावर. वरच्या इयत्तेला दुसरा जिना दिला. कॅमेऱ्याची सूचना आली तेव्हा मुलांनीच नको म्हटलं: "कॅमेरा बघतो, पण येत नाही." तिथे उभे राहणारे शिक्षक ओरडणारे नसावेत, नावं ठाऊक असणारे असावेत, हीही त्यांचीच अट. ती मान्य झाली याचा मला फार आनंद झाला.

सहा आठवड्यांनी पुन्हा नकाशे भरले. वळणावर मोजके ठिपके उरले होते, सुट्टीनंतरचा उशीरही कमी झाला होता. शाळा एकच, तुलनेला दुसरी नाही आणि आमच्या येण्या-जाण्यानेही वातावरण बदलतं, त्यामुळे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. यादीतल्या दोघांना समुपदेशनाची गरज होतीच. ते स्वतंत्रपणे सुरू झालं. या वेळी मुलींच्या कागदांवर नवे लाल ठिपके आले आहेत: तळमजल्यावरच्या नळांपाशी, शेवटच्या तासाआधी. ड्युटीच्या तक्त्यात ती वेळ अजून कोणाच्याच नावावर नाही.