तुम्ही विचारलंत म्हणून: सॅक हलकी करायची, पण काढायचं काय?

"रतनगड ते हरिश्चंद्रगड, तीन दिवस. सॅक १२ किलोंची झालीय. पाणी थोडं कमी नेलं तर?" ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल पकडणारे हमखास हे विचारतात.

पाण्याला हात लावू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून नजर तिथेच जाते. पण लिटरभराची स्टीलची बाटली रिकामीच ३०० ग्रॅमच्या पुढे भरते आणि मिनरल वॉटरची जेमतेम ३०. तीन बाटल्या बदला, पाणी तेवढंच राहून पाऊण किलो उतरलं.

आता स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि एकेक वस्तू तोलून कागदावर लिहा. अंदाज साफ चुकतात. जीन्स ६००-७०० ग्रॅम, भिजली की दुप्पट वाटते आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. टॉवेलऐवजी पंचा. बिस्किटं, चिक्की खोक्यांतून काढून पिशवीत. काकडी-सफरचंद म्हणजे बहुतेक पाणीच. शेंगदाणे-गूळ तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त ताकद देतात.

मोठी बचत मात्र गावांमुळे होते. रतनवाडी, कुमशेत, पाचनई वाटेवरच आहेत. जेवण आणि मुक्काम आधी फोनवर ठरवला की तंबू, स्टोव्ह, भांडी, शिधा घरीच राहतं. ग्रुपचे चार-पाच किलो तरी सहज कमी. फक्त वाट चुकली तर रात्र रानात निघू शकते, म्हणून एका वेळचं कोरडं खाणं जादा असू द्या.

दोराचं काय? १०-११ मिलिमीटरचा ३० मीटर दोर दोनेक किलो भरतो. बिले (चढणाऱ्याला दोराने खालून-वरून सांभाळून धरणं, म्हणजे belay) देता येणारा कुणी नसेल तर तो नुसताच हमाली वाढवतो. दोर लागणाऱ्या वाटेवर माहीतगाराशिवाय जाऊच नये.

सॅकवरच्या रेनकव्हरवर भिस्त नको. पाणी पाठीकडून झिरपतं. आत कचऱ्यासाठीची जाड पिशवी लावा आणि त्यात कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळा बांधून ठेवा. तो चालताना घालायचा नाही, मुक्कामाला पोचल्यावरच. ओल्या अंगाला माथ्यावरचा वारा लागला की भर पावसाळ्यातही अंग गार पडतं. थरथर थांबेना, जीभ जड व्हायला लागली तर प्रकरण गंभीर आहे.

दिवाळीनंतर ओढे आटत जातात, तेव्हा माणशी तीन लिटर धरा आणि पुढे पाणी कुठे आहे ते प्रत्येक गावात विचारा. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण लिटरातच घाला. अर्ध्या बाटलीत कालवलं तर मीठ जास्त होऊन त्रास वाढतो.

निघण्याआधीच्या रविवारी हीच सॅक भरून येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर दोन तास चाला. जड सामान पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांमध्ये. खांदे दुखले तर बहुधा कमरेचा पट्टा खाली घसरलेला असतो. तो कमरेच्या हाडावर बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे सैल करा.

परत आल्यावर न वापरलेल्या वस्तूंचा ढीग वेगळा काढा. पुढच्या वेळी तो घरी. त्यातून हेडटॉर्च, जादा सेल, शिट्टी, क्रेप बँडेज आणि कोरडा जोड तेवढा उचलून पुन्हा सॅकमध्ये टाका.